कंसातले घाडगे

ची म्हणजे आपला प्राण. यिन-यांग म्हणजे शिव-शक्ती. वू शिंग म्हणजे पंचमहाभूतं. ॲक्युपंक्चरचे बिंदू म्हणजे आपली मर्मं. आणि नाडी? नाडी तर काय, नाडी म्हणजे नाडीच!

चिनी वैद्यक मराठीतून शिकायला गेलात की पहिल्या अर्ध्या तासात ही पाच वाक्यं कानावर पडतात. वर्ग दोन दिवसांचा असो की दोन महिन्यांचा, मंगल कार्यालयात असो की कुणाच्या गच्चीवर, वाक्यं ठरलेली. शिकवणारा ती मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो, ऐकणारे माना डोलावतात आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे हे सगळं आपल्याकडे होतंच की!" झालं. वर्गभर समाधान पसरतं. चहा येतो.

माझं म्हणणं असं की ही पाचही वाक्यं चुकीची आहेत आणि चूक किरकोळ नाही. ज्याने ती पाठ केली त्याचं चिनी वैद्यकाचं शिक्षण त्याच अर्ध्या तासात संपलं. पुढे तो बिंदू पाठ करील, सुया टोचायला शिकेल, प्रमाणपत्र भिंतीवर लावील. पण जे शिकायला आला होता ते त्याला कधी दिसणार नाही. कारण त्या जागी त्याने आधीच घरची एक ओळखीची वस्तू आणून ठेवली आहे.

वाद भलतीकडे जायला नको म्हणून आधीच सांगतो. मी चिनी वैद्यकाची वकिली करायला बसलेलो नाही आणि आयुर्वेदाची बदनामी तर मुळीच करायची नाही. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. मुद्दा साधा आहे. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायच्या आधी ती गोष्ट म्हणते तरी काय, हे कळायला हवं. ते कळायच्या आतच आपण तिला मिठी मारतो, नाहीतर हाकलून देतो. दोन्ही प्रकार आळसाचे.

मी राहतो कारंज्याला. हे वाक्य आमच्या जिल्ह्याबाहेर कुणालाही सांगून बघा. समोरचा लगेच हात जोडतो, "वा! नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान!" नाही हो. ते कारंजा (लाड), वाशीम जिल्ह्यातलं. आमचं कारंजा (घाडगे), वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. गुरुमंदिराच्या दर्शनाला म्हणून निघून आमच्या स्टँडवर उतरलात, तर शंभर किलोमीटरच्या वर चुकलात. नाव सारखं आहे म्हणून गाव सारखं होत नाही. आमचं सगळं गाव त्या कंसात आहे. कंस गाळला की पत्र दुसरीकडे जातं, पार्सल दुसरीकडे जातं, आणि माणूसही.

चिनी वैद्यकाच्या प्रत्येक मूळ शब्दापुढे असा एक कंस आहे. आपल्याकडची पुस्तकं तो गाळतात.

'ची'पासूनच सुरू करू. (मूळ उच्चार 'छी'च्या जवळचा. पण मराठीत 'छी' लिहिलं की नाक मुरडल्यासारखं वाटतं, म्हणून 'ची'च बरं.) हा शब्द लिहिण्याच्या जुन्या चिनी चिन्हात वाफ आहे आणि तांदूळ आहे. भात शिजताना वर येणारी वाफ डोळ्यांसमोर आणा. चिनी भाषेत हवामानाच्या शब्दात ची आहे, हवेच्या शब्दात ची आहे, राग येण्याच्या शब्दातही ची आहे. वैद्यकात तर तिचे प्रकारच प्रकार. बाहेरून रोगाला अडवणारी वेगळी, अन्नातून येऊन रक्ताबरोबर चालणारी वेगळी, छातीत साठणारी वेगळी. ती वर चढते, खाली उतरते, अडते, तुंबते. खोकला म्हणजे फुप्फुसाची ची खाली उतरायची ती उलटी वर आली, उचकी म्हणजे पोटाची ची उलटी वर आली, असा तो हिशेब.

आता मराठीतला 'दम' घ्या. चढ चढलं की दम लागतो. म्हाताऱ्याला दम्याचा त्रास असतो. घाईवर आलेल्याला आपण जरा दम धर म्हणतो. उनाड पोराला दम देतो. पुढाऱ्याच्या भाषणात दम नसतो. समजा एखाद्या चिनी विद्यार्थ्याने वहीत लिहून घेतलं, 'दम म्हणजे श्वास', तर तो दुसऱ्याच दिवशी विचारेल की मास्तरांनी पोराला श्वास का दिला? आपण हसू. पण 'ची म्हणजे प्राण' असं लिहून घेताना आपण नेमकं हेच करत असतो. 'दम' म्हणजे 'ची' असंही मी म्हणत नाही बरं का! शब्द किती लांबवर ताणला जातो, एवढंच त्यातून बघायचं.

'ऊर्जा' हे भाषांतर तर त्याहून गमतीदार वाटेने आलं. जॉर्ज सूलिए द मोरां नावाचा एक फ्रेंच माणूस चीनमध्ये राजनैतिक नोकरीत होता. त्याने परत जाऊन १९३०च्या दशकात ॲक्युपंक्चरवर पुस्तकं लिहिली आणि 'ची'साठी फ्रेंचमधला ऊर्जेचा शब्द वापरला. 'मेरिडियन' हा शब्दही त्यानेच रूढ केला. म्हणजे नकाशावरच्या रेखावृत्ताचा शब्द शरीरावर आणला. फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून आपल्याकडे. मधल्या प्रवासात विजेच्या बिलातली ऊर्जा आणि शरीरातली 'ऊर्जा' एकच असल्यासारखं लोक बोलू लागले. मग 'तुमच्या शरीरातलं सर्किट ब्लॉक झालंय' असं ऐकलं की गिऱ्हाईकाला विज्ञान ऐकल्यासारखं वाटतं. हे विज्ञान नव्हे आणि चिनी वैद्यकही नव्हे. एका फ्रेंच माणसाचं भाषांतर आहे ते.

मूळ चिनी शब्दात रेखावृत्त नाही. त्यात मागावरचा उभा धागा आहे, म्हणजे ताणा. आणि हाच शब्द चिनी लोक पूज्य ग्रंथासाठीही वापरतात. आपणही धाग्याला आणि ग्रंथाला दोघांनाही 'सूत्र' म्हणतो. आता हे साम्य खरं आहे, सुंदर आहे, आणि कापसाच्या मुलुखात राहणाऱ्याला चटकन कळेल असं आहे. पण ते कुणी सांगत नाही, कारण त्यासाठी मूळ शब्द उघडून बघावा लागतो. तुलनेला माझा विरोध नाही. न बघता केलेल्या तुलनेला आहे.

यिन-यांगचं तसंच. हे शब्द मुळात टेकडीच्या दोन बाजूंचे: सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू. सकाळी जी उन्हात असते ती संध्याकाळी सावलीत जाते. टेकडी तीच, दगड तेच. म्हणजे अमुक वस्तू यिन आणि तमुक वस्तू यांग असं कायमचं वाटप नाही. कशाच्या तुलनेत, हे आधी विचारायचं. छाती पाठीच्या तुलनेत यिन, पण पोटाच्या तुलनेत यांग. यात शिव नाही, शक्ती नाही, चांगलं-वाईट नाही. 'यिन म्हणजे बाई, यांग म्हणजे पुरुष' असा पाठ ज्याने घेतला तो पुढे प्रत्येक बाईला थंड आणि प्रत्येक पुरुषाला गरम ठरवणार. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. त्या उन्हात शेतातून आलेल्या बाईला 'तुमचा यिन देह' असं ऐकवणाऱ्याला आधी तिने घोटभर पाणी मागावं.

वू शिंगचा घोळ सगळ्यात मोठा. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही आपली पाच. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही त्यांची पाच. त्यांच्यात वायू नाही, आकाश नाही. आपल्यात लाकूड नाही, धातू नाही. पण मूळ फरक यादीत नाहीच. महाभूतं सांगतात की वस्तू कशाची बनली आहे. 'शिंग' या शब्दाचा अर्थ आहे चालणं. पाच चाली म्हणा हवं तर. लाकडाने अग्नी पेटतो, अग्नीची राख होऊन माती होते, मातीतून धातू निघतो, धातूवर पाणी धरतं, पाण्याने झाड वाढतं. आणि उलट बाजूने आवर घालणंही आहे. झाडाची मुळं माती फोडतात, माती पाण्याला बांध घालते, पाणी आग विझवतं, आग धातू वितळवते, धातूची कुऱ्हाड झाड तोडते. म्हणजे हा बांधकामाच्या सामानाचा हिशेब नाही. काय कशाला वाढवतं आणि काय कशाला थोपवतं, याचा आहे. दोन्हीकडे आकडा पाच आहे, एवढंच साम्य. हाताची बोटंही पाचच आहेत!

इथवर नुकसान फक्त समजुतीचं होतं. अवयवांपाशी आलो की ते माणसाचं होऊ लागतं.

चिनी वैद्यकात 'शन' नावाचा एक अवयव आहे. त्याचं भाषांतर होतं किडनी. पण त्यांच्या हिशेबात तो जन्मतः मिळालेलं सत्त्व साठवतो, वाढ, वीर्य, गर्भ, हाडं, कान, केस यांचं बघतो. म्हातारपणी कंबर-गुडघे खचले, ऐकू कमी आलं की ते म्हणतात शन दुबळा झाला. आता कापूस वेचून वेचून कंबर धरलेली एखादी आजी येते आणि तिला सांगितलं जातं, "आजी, तुमची किडनी वीक आहे." आजीच्या घरी काय होईल? शेजारच्या घरात डायलिसिसला नेलेला माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. घरात रडारड, वर्ध्याला नाहीतर नागपूरला रक्ततपासणी, आणि रिपोर्ट निघणार चांगला. ही झाली कमी धोक्याची बाजू. उलट बाजू बघा. ज्याची किडनी खरोखरच निकामी होते आहे त्याला कुणी नाडी धरून "किडनी सुधारली" म्हटलं आणि त्याने गोळ्या बंद केल्या, तर? एक शब्द, दोन अवयव. मधे माणूस.

'पी'चं भाषांतर होतं प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी. पण चिनी 'पी' अन्नाचं रूपांतर करतो आणि त्याचं सार शरीरभर पोचवतो. पोट फुगलं, जुलाब लागले, अंग जड झालं की बोट 'पी'कडे. आधुनिक शरीरशास्त्रातली पाणथरी पचनाचं काम करत नाही. आणि चरकाच्या आयुर्वेदातली प्लीहा यकृताबरोबर रक्तवह स्रोतसाचं मूळ मानलेली. म्हणजे 'पी'ला प्लीहा म्हणणारा एका फटक्यात दोन गावं चुकला. त्यांचा 'सानज्याव' म्हणजे तीन शेगड्यांचा अवयव तर शवविच्छेदनात कुठेच सापडत नाही. तो सापडायचाही नाही. ही नावं मांसाच्या गोळ्यांपेक्षा कामांच्या गटांची आहेत, हे एकदा कळलं की निदान मारामारी तरी योग्य जागी होते.

आता मर्मं. सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली. कशासाठी? शस्त्र चालवताना ती टाळावीत म्हणून. तिथे घाव बसला तर माणूस मरतो, लुळा होतो, वेदनेने तळमळतो. चिनी परंपरेतले प्रमाण मानलेले बिंदू ३६१. ते मुद्दाम सुई टोचण्यासाठी. एक यादी म्हणते इथे टोचू नको, दुसरी म्हणते इथेच टोच, आणि आमचे गुरुजी सांगतात दोन्ही एकच! छातीवरच्या बिंदूत सुई खोल गेली तर फुप्फुसाभोवती हवा भरून माणूस अत्यवस्थ होतो, हे नोंदलं गेलेलं आहे. सुश्रुत निदान सावध तरी करत होता.

नाडीचंही ऐका. मनगटावर तीन बोटं दोघेही ठेवतात. आपला वैद्य त्या बोटांखाली वात, पित्त, कफ वाचतो. चिनी वैद्य डाव्या हाताच्या तीन जागी हृदय, यकृत, शन आणि उजव्या हाताच्या तीन जागी फुप्फुस, पी आणि पुन्हा शनच वाचतो, शिवाय बोट हलकं दाबून वेगळं, जोरात दाबून वेगळं. आणि नाडीपरीक्षा आपल्याकडे चरक-सुश्रुतात नाहीच. ती शार्ङ्गधर संहितेत येते, म्हणजे बरीच नंतर. 'नाडी म्हणजे नाडीच' म्हणणाऱ्याला ना त्यांचा इतिहास माहीत, ना आपला.

बरं, ज्याला आपण चिनी म्हणून कवटाळतो ते तरी चिनी असतं का? तळपायाचा तो रंगीत तक्ता आठवा. अंगठ्यात मेंदू, टाचेत आतडी वगैरे. तो तक्ता अमेरिकन आहे. विल्यम फिट्झजेराल्ड या डॉक्टरने १९१७ साली शरीराचे दहा पट्टे मांडले आणि युनिस इंगहॅम या बाईंनी १९३०च्या दशकात त्यावरून पायाचा नकाशा काढला. कानात उलटं बाळ दाखवणारा नकाशा पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरचा, १९५०च्या दशकातला. सुजोक कोरियाचं. आणि 'पाच हजार वर्षांचं शास्त्र' म्हणाल, तर इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या मावांगदुईच्या थडग्यातून १९७३ साली रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. त्यात अकरा वाहिन्या आहेत, बारा नाहीत, आणि त्यांवर उपाय आहे तो शेकण्या-डागण्याचा. सुईचे बिंदू त्यात नाहीत. १८२२ साली चीनच्या बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर काढूनच टाकलं होतं. आज जी 'मूलतत्त्वं' पाच धड्यांत नीटनेटकी मिळतात ती १९५६ साली बेजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि चंगदू इथे निघालेल्या सरकारी महाविद्यालयांसाठी लावून दिलेली आहेत. हे वाईट आहे असं नाही. शिकवायला कुणीतरी रचना लावावीच लागते. पण ती आकाशातून पडलेली नाही, एवढं विद्यार्थ्याला सांगायला काय हरकत आहे?

हा तक्ता आमच्या भागात बाजारात काटेरी चपलांबरोबर मिळतो. तळपायाची संवेदना गेलेल्या मधुमेही माणसाने त्या घातल्या तर काटा टोचलेला कळत नाही, जखम होते, चिघळते. पुढचं सांगायला नको.

शब्द सारखा म्हणून वस्तू सारखी मानण्याची सगळ्यात महाग किंमत बेल्जियमने मोजली. १९९०च्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पती असलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात हवी होती 'हान फांग जी', स्टेफानिया कुळातली. आली 'ग्वांग फांग जी', ॲरिस्टोलोकिया कुळातली. दोघींचं नाव फांग जी. कंस वेगळा. शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या. काहींना डायलिसिस, काहींना प्रत्यारोपण, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग. १९९३ साली डॉक्टरांनी हे छापलं. आपल्याकडची ईश्वरी नावाची वेल याच ॲरिस्टोलोकिया घराण्यातली आहे, तेव्हा 'झाडपाल्याने काय होतंय' म्हणणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. "अहो, खेड्यातल्या माणसाला नवीन गोष्ट जुन्याच्या आधाराने नाही सांगायची तर कशी सांगायची?" कबूल. सायकल शिकवताना आपण मागून सीट धरतोच. पण कधीतरी सोडतोही. 'वू शिंग पंचमहाभूतांसारखं वाटेल, पण फरक असा' हे वाक्य शिक्षण आहे. 'वू शिंग म्हणजे पंचमहाभूतं' हे सीट न सोडणं आहे. आणि खेड्यातल्या माणसाला फरक कळत नाही, हे कुणी ठरवलं? एका पऱ्हाटीवर बोंडअळी कुठली आणि लाल्या कुठला हे त्याला लांबून कळतं. फरक करण्यावरच त्याचं पोट आहे.

दुसरा आक्षेप अभिमानाचा. "हे ज्ञान इथूनच चीनला गेलं." काही गेलं, हे खरं आहे. मोतीबिंदू सुईने बाजूला सारण्याची विद्या बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे पोचली. चार महाभूतांची कल्पना सातव्या शतकातल्या सुन सिम्याव या चिनी वैद्याच्या लिखाणात दिसते. त्याच शतकात इत्सिंग नालंदेत राहून गेला आणि इथल्या वैद्यकावर त्याने लिहिलं. हा खरा इतिहास किती देखणा आहे! पण तो कळायला आधी दोन वेगळ्या गोष्टी होत्या हे मानावं लागतं. सगळं एकच असेल तर कोणी कोणाला काय दिलं?

आणि डॉ. कोटणीसांचं नाव घेऊन ॲक्युपंक्चरची जाहिरात करणाऱ्यांना एक आठवण. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. त्यातले चोळकर आमच्या नागपूरचे. सोलापूरचे कोटणीस मुंबईत ॲलोपथी शिकलेले, तिकडे त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, सुया टोचल्या नाहीत. ॲक्युपंक्चर शिकून आले ते बसू, तेही १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन. कोटणिसांकडून घ्यायचं असेल तर एक घ्या. ते चिनी भाषा शिकले, तीही युद्ध चालू असताना, जखमींच्या गर्दीत. १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी ते गेले तेव्हा ते तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवत होते. परक्याचा मान राखायचा तो असा. 'तुमचं सगळं आमच्याकडे होतंच' म्हणण्यात कसला मान?

समजून घेणं म्हणजे मानणं नव्हे, हेही सांगायला हवं. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २००७ साली आले. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना बरं वाटलं. मुद्दाम भलत्या जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. यातून काय निघतं? सुईने बरं वाटतं खरं, पण बिंदू कुठला याने फारसा फरक पडत नाही, असं दिसतं. ज्याला 'बिंदू' ही कल्पना नीट कळली आहे त्यालाच हा निकाल झोंबेल आणि त्यालाच तो उपयोगी पडेल. 'मर्म म्हणजे बिंदू' म्हणणाऱ्याला त्यातलं काहीच कळणार नाही.

आणि दुसऱ्या टोकाला तू योयो. मलेरियावर औषध शोधताना या बाईंनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या एका नोंदीत छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितलं होतं. उकळायला सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते जसं लिहिलं होतं तसं वाचलं, उष्णता गुण मारत असेल असं ओळखलं आणि कमी तापमानाला अर्क काढला. छिंगहाव नावाखाली एकाहून जास्त वनस्पती चालत होत्या. त्यातली कामाची कोणती हेही शोधावं लागलं. पुन्हा कंसच! २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. गडचिरोलीच्या जंगलात मेंदूवर जाणाऱ्या मलेरियाचा रुग्ण आज ज्या औषधाने वाचतो त्यात हे आर्टेमिसिनिन घराणं असतं. 'काढा म्हणजे काढा' म्हणून त्यांनी पातेलं चुलीवर चढवलं असतं, तर हे हाती लागलं नसतं.

महाराष्ट्रात २०१५ सालच्या कायद्याने ॲक्युपंक्चरला मान्यता मिळाली. म्हणजे आता शिकणारे वाढणार, मराठीतून शिकणारेही. त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. वहीत एक पान करा. त्यावर ची, यिन, यांग, शिंग, शन, पी हे शब्द जसेच्या तसे लिहा आणि त्यांच्यापुढची जागा कोरी ठेवा. अर्थ कळेल तसा एकेक वापर तिथे लिहीत जा. बराबर चिन्ह काढू नका. कुणी 'म्हणजे आपलं अमुक' म्हणालं तर विचारा, फरक कुठे आहे? सांगता आला तर तो शिक्षक. नाही आला तर फी परत मागा. आणि ज्या रुग्णापुढे बसाल त्याला 'किडनी' हा शब्द उच्चारण्याआधी दहादा विचार करा. त्याच्या डोक्यात एकच किडनी आहे आणि तिचीच त्याला भीती आहे.

परकी गोष्ट परकी म्हणून चार दिवस घरात राहू द्यायला आपल्याला काय जड जातं, मला कळत नाही. पाहुणा आला की त्याला आपण त्याचं नाव विचारतो. आपल्या मनाने त्याचं बारसं करत नाही.